सगळ्यात देखणा तुकडा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रिंगा एकमेकींना जोडायच्या होत्या. व्यास ३०० मिमी, जाडी ५. पद्धत फ्रिक्शन स्टिर वेल्डिंगची, म्हणजे धातू वितळवायचा नाही. फिरत्या टूलच्या घर्षणानं मऊ करून कणकेसारखा मळायचा. १९९१ साली इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत निघालेली ही युक्ती सपाट पत्र्यावर गरीब गाईसारखी चालते. गोल जॉबवर शिंगं दिसतात.

टूलचा खांदा, म्हणजे वरून घासणारा रुंद भाग, १५ मिमीचा. त्याच्या मधून निघून धातूत घुसते ती पिन. एवढ्या गोलाईवर तो मधोमध टेकला, तर पुढच्या-मागच्या कडेशी ०.१९ मिमी अंतर राहतं. म्हणून टूल माथ्यापासून जरा सरकवून धरतो, म्हणजे मागची टाच दाबत जाते. पिन ४.७ लांब, खांदा ०.१५ आत. तळाशी उरतं ०.१५, तेवढं मळताना सांधून जातं. सगळा खेळ कागदाच्या दीड पदराचा.

फेरा पूर्ण झाला. एका बाजूला सांध्यातून बाहेर दाबलेल्या धातूची कडेनं जाड झालर आलेली, समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीच. हेल्पर पोरगं त्या साफ बाजूवरनं बोट फिरवत म्हणालं, "सायेब, हितं बघा की, आरशागत आलंय!" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोला.

बेंड टेस्टला, म्हणजे सांधा वाकवून तपासायला, दोन्हीकडच्या पट्ट्या कापल्या. झालरवाली तळ बाहेर ठेवून निमूट वाकली. आरशावाली वाकता वाकता तळाशी उघडली. भिंग लावलं तर दोन्ही रिंगांच्या कडा, लेथवरच्या टर्निंगच्या रेघांसकट, जशाच्या तशा. टूल तिथवर पोचलंच नव्हतं.

डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र, लावला. रिंगांच्या आतला मँड्रेल, म्हणजे त्यांना आतून आधार देणारा दांडा, फिरताना काटा ०.२४ हलला. म्हणजे एकीकडे टूल ०.१२ जास्त खोल, समोर तेवढंच उथळ. सकाळी मीच डायल बघितला होता, पण क्लॅम्प आवळायच्या आधी. आवळताना मँड्रेल सरकला आणि मी चहाला गेलो.

जोडलेली रिंग भंगारात गेली. दुसरी जोडी बसवून, क्लॅम्प आवळल्यावर दर १५ अंशांना रीडिंग घेतलं आणि टूलची खोली त्याप्रमाणे बदलावी म्हणून ते चोवीस आकडे मशीनच्या प्रोग्रॅममध्ये टाकले. या खेपेला झालर सगळीकडे सारखी आली, थोडी खरबरीतच. पोरगं नाराज होतं. त्याच्याच हातानं चारी बाजूच्या पट्ट्या वाकवून घेतल्या. एकही उघडली नाही. डायलचा स्टँड मी टेबलालाच बोल्ट करून टाकलाय.