शंभरावर दारं

"वादळ आलं की ही सगळी कोण लावायचं?"

मॉरिशसमधल्या मोका इथल्या 'युरेका' या मळेवाल्याच्या जुन्या घरात आज माहिती ऐकताना मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. मला मात्र पुढचं काही धड ऐकू येईना.

१८३० च्या सुमाराचं लाकडी घर, शंभरावर दारं. भोवती रुंद व्हरांडा, म्हणून ऊन भिंतीला टेकत नाही आणि पावसातही दारं उघडी ठेवता येतात. वारा आरपार. स्वयंपाकघर तेवढं वेगळं, बाहेर. आगीची भीती आणि धग, दोन्ही लांब!

अक्कल जबरदस्त, मान्य. पण गारवा मालकाचा, धग राबणाऱ्यांची. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, तोवर उसाच्या मळ्यांवर भारतातले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, येऊ लागलेच होते.

अशी घरं दाखवायला सुरुवात दिवाणखान्यापासून करावी की चुलीपासून?