आमची वाटचाल: एका सर्व्हरपासून पाचांपर्यंत

सांगलीत भाड्याच्या खोलीत आम्ही दोघांनी होस्टिंग, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवण्याचं काम, सुरू केलं तेव्हा वेबसाइट, डेटाबेस, ग्राहकांच्या फायली, सगळा संसार एकाच सर्व्हरवर होता. एका कॉलेजची प्रवेशयादी लागली आणि दहा मिनिटांत तो बसला. पालक कॉलेजला फोन करत होते, कॉलेज आम्हाला. त्या मुलांची घालमेल आजही आठवते.

मग दोन वेब सर्व्हर घेतले. पुढे येणारी गर्दी दोघांत वाटून देणारा एचएप्रॉक्सी, मागे फायलींसाठी एनएफएसचं (नेटवर्कवरून फायली वापरू देणारी पद्धत) सामायिक स्टोरेज, डेटाबेस वेगळ्या मशिनवर. पहिल्याच चाचणीत लॉगिन केलेला माणूस पुढच्या क्लिकला बाहेर! पीएचपीची (वेबसाइट जिच्यात लिहिल्या होत्या ती भाषा) सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, ज्या त्या सर्व्हरच्या डिस्कवर पडत होती. ती रेडिसमध्ये, म्हणजे दोघांनाही वाचता येईल अशा वेगवान सामायिक साठ्यात, हलवली.

खरी रात्र जागवली ती फायलींच्या परवानग्यांनी. एक सर्व्हर डेबियनचा, दुसरा सेंटओएसचा, म्हणजे लिनक्सच्या दोन वेगळ्या आवृत्त्या (डिस्ट्रो). एकावरून चढवलेला फोटो दुसऱ्यावर दिसायचा, पण पुसता यायचा नाही. पहाटे भागीदाराने फायलीचा मालक क्रमांकात दाखवणारी ‘एलएस -एन’ ही आज्ञा चालवून पडद्यावर बोट ठेवलं: मालक ३३. डेबियनवर वेब सर्व्हरच्या युजरचा क्रमांक ३३, सेंटओएसवर ४८. आमच्या एनएफएसला नावाशी देणंघेणं नव्हतं, तो क्रमांकच बघत होता. तेव्हापासून सगळीकडे एकच डिस्ट्रो.

डेटाबेस स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्या शहरात ठेवला, ही चूक माझी. एका पानाला साठ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न), दर खेपेला २० मिलिसेकंद. जवळपास सव्वा सेकंद नुसत्या येरझाऱ्यांत जायचा. महिनाभरात तो वेब सर्व्हरशेजारी, खासगी नेटवर्कवर आणला. डेटाबेसचं दार, ३३०६ पोर्ट, फक्त त्या दोन वेब सर्व्हरनाच उघडं.

तरी स्टोरेज एकच होतं. एकदा ते अडकलं आणि दोन्ही वेब सर्व्हर त्याची वाट बघत ताटकळले. सीपीयू रिकामा, लोड (खोळंबलेल्या कामांचा आकडा) मात्र दोनशेच्या वर. आता कोड प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर आहे, स्टोरेजवर फक्त अपलोड, आणि त्याची डीआरबीडीने (डिस्कवरचा प्रत्येक बदल नेटवर्कवरून दुसरीकडे उतरवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्या मशिनवर प्रत. पहिलं मशिन पडलं तर दुसऱ्याकडे ताबा आपोआप जाण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. मधली तार तुटली आणि दोन्ही मशिनं स्वतःलाच मालक समजून लिहू लागली, तर कोणाची फाईल खरी? रात्री उठून हाताने बदलतो, ते मला परवडतं.

सध्या डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे सतत सोबत बदलणारी जिवंत प्रत, उभी करतोय. पण चुकून पुसलेलं तिथूनही पुसलं जातं, म्हणून बॅकअप वेगळा घेतो आणि दर शनिवारी रिकाम्या मशिनवर तो उतरवून बघतो.