तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्ष नाशिकला चांगलं, मग रॉटरडॅमला खराब का?

"माल पॅकहाऊसमधून उत्तम निघाला होता, मग रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर देठ सुकलेले आणि मणी मऊ कसे? जहाजावर रीफर (माल गार ठेवणारा कंटेनर) बंद पडला असेल का?" हंगाम आला की हा प्रश्न हमखास येतो.

रीफर क्वचितच बंद पडतो. बहुतेकदा चूक कंटेनरचं दार लागायच्या आधीच झालेली असते. गार माल गार ठेवणं एवढंच रीफरचं काम. गरम माल तो गार करत नाही. मार्चमध्ये बागेतून आलेल्या मण्याच्या आत २५-३० अंश असतात. प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल गार करताना, ६ ते ८ तासांत ते ४ अंशांच्या खाली यायला हवेत. आणि खोलीच्या भिंतीवरचा आकडा बघून भागत नाही. पॅलेटच्या (लाकडी चौकटीवर रचलेल्या पेट्यांच्या थप्पीच्या) मधल्या पेटीतला मणी काढा, त्यात तापमापकाची सुई खुपसा.

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चुकतं. कारण काढणीची तारीख ठरते बाग आणि मजूर बघून, बुकिंग होतं जहाज बघून, आणि दोन्हींची गाठ पडते ती थेट पॅकहाऊसच्या दारात.

म्हणून हिशोब उलटा मांडा. न्हावा शेवा बंदरात गेट कटऑफ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, शनिवारी दुपारी असेल, तर ट्रेलर शुक्रवारी रात्री निघालाच पाहिजे. अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, पण कसारा घाट आणि भिवंडी धरून दहा तास हाताशी ठेवा. भरणं आणि सील करणं यात तीन तास जातात. आता खरी अडचण: चाळीस फुटी रीफरमध्ये २० पॅलेट बसतात. तुमच्या प्रीकूलिंग खोलीत एका वेळी ६ मावत असतील तर फेऱ्या चार, म्हणजे २४ ते ३२ तास. काढणी बुधवारीच सुरू व्हायला हवी. हे गणित बुकिंगच्या दिवशी झालं नाही, की शेवटची पॅलेट १२ अंशांवरच आत ढकलली जातात.

भरताना दाराला कोल्ड टनेल (गार खोली आणि कंटेनर जोडणारा बंदिस्त मार्ग) नसेल तर रीफरचं कूलिंग युनिट बंद ठेवा. नाहीतर ते बाहेरची दमट हवा ओढतं आणि कॉइलवर बर्फ धरतो. कंटेनरच्या आत आखलेल्या लाल रेषेच्या वर पेटी नको, हवा फिरायची थांबते.

कागदात एक चूक वारंवार दिसते. २०१६ पासून कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि त्यात पॅलेटच्या लाकडाचं वजन धरायचं राहून जातं. एक लाकडी पॅलेट १५-२० किलोचं, म्हणजे वीसांचे ३००-४०० किलो. फरक निघाला की कंटेनर अडतो, दुरुस्ती होईपर्यंत जेनसेटवर (ट्रेलरवरच्या डिझेल जनरेटरवर) उभा राहतो. निघताना डिझेल किती होतं ते लिहून ठेवा, आणि डेटा लॉगर (तापमान नोंदवणारी यंत्रं) दोन ठेवा: एक आतल्या टोकाला, एक दाराजवळ.

२०२३ च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तसा युरोपचा प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी वाढला. १२ अंशांवर भरलेली ती शेवटची पॅलेट आधीच्या वाटेने कशीबशी तग धरायची. या वाटेने धरत नाहीत.