एक ग्रॅम सहाशे चाळीस

2024 सालचा श्रावणातला शुक्रवार. कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाची रांग वळसे घेत बाहेर आलेली आणि रांगेतून सुटलेली निम्मी माणसं गुजरीत, आमच्या सोनारांच्या पेठेत शिरलेली. अशा दिवशी गिऱ्हाईक भाव विचारतं, पंख्याखाली टेकतं, पाणी पितं आणि जातं. मी आत बसून एका साजाची, म्हणजे गळ्यातल्या कोल्हापुरी हाराची, पानं जुळवत होतो. मासा, कासव, शंख, बेलपान आणि वाघनख. साजातलं वाघनख म्हणजे सोन्याच्या पत्र्याचं, आत लाख भरलेलं पान. अशी आजवर किती केली असतील, हिशेब नाही.

"मामा, हाईसा काय?"

आवाज ओळखीचा होता. याच्या आईचा साज माझ्या वडिलांनी घडवलेला, याच्या लग्नातलं मंगळसूत्र मी. जूनमध्ये याला मुलगा झाला होता, पेढे दुकानात आले होते. त्यानं खिशातून पितळी चुन्याची डबी काढली आणि काचेवर ठेवली. उघडली तर कापसात दोन नखं.

"ह्यास्नी सोन्याच्या टोप्या करायच्या. समोरासमोर जोडून, चंद्रकोर हुतीया तशी. पोरगं रातचं दचकतंय."

"खरी आहेत?"

"खरी म्हंजे! पट्टेरी वाघाची. बिबट्याची न्हाईत."

वर्षाला चारपाच जण तरी माझ्याकडं नख घेऊन येतात. त्या वर्षी जास्तच आले, कारण जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली होती आणि जो तो वाघनख, वाघनख करत होता. ते पोलादाचं हत्यार, हे जनावराचं नख, हे सांगून माझं तोंड दुखलं. येणारी नखं जवळजवळ सगळी शिंगाची. कानशीनं घासून आकार द्यायचा, काळपट पिवळा रंग चढवायचा, पॉलिश मारायचं. विकणारा गिऱ्हाइकासमोर तापलेली सुई टेकवतो, केस जळाल्यासारखा वास येतो आणि घेणारा खूश. आता शिंग, खूर, नख, केस सगळं एकाच पदार्थाचं, केराटिनचं. वास येणारच. त्या परीक्षेत फक्त प्लास्टिक नापास होतं.

खरं सांगायचं तर शिंगाची दोनतीन मी पूर्वी बसवूनही दिली आहेत. मनात म्हणायचं, मेलेल्या म्हशीचं शिंग, कुणाचं काय जातंय. वडील तर खरी बसवायचे, पण तो काळ कायद्याच्या आधीचा. 1972 ला वन्यजीव कायदा आला तेव्हा घरात असलेलं नख, कातडं तीस दिवसांत जाहीर करायचं होतं. 2003 मध्ये सरकारनं पुन्हा सहा महिने दिले. ज्यांनी जाहीर केलं त्यांच्याकडं कागद आहे, तरी ती वस्तू विकता येत नाही. पस्तीस वर्षांच्या धंद्यात असा कागद मी एकदाच पाहिला. बाकी सगळे 'आमच्या आज्जाचं हाय' म्हणणारे.

सवयीनं मी दोन्ही नखं काट्यावर टाकली. आमचा हात आधी काट्याकडं जातो, मग डोळ्याकडं. पहिलं चार ग्रॅम दोनशे दहा. दुसरं एक ग्रॅम सहाशे चाळीस. आकार दिसायला सारखाच, जवळजवळ जोडी. मग वजनात इतका फरक कसा?

भिंग लावलं. पहिलं भरीव. मुळाशी करवतीची रेघ, पॉलिशखाली शिंगाच्या लांब शिरा. असली शंभर पाहिलीत.

दुसऱ्याला पॉलिश नव्हतं. मुळाशी ते पोकळ होतं आणि आतल्या बाजूला वाळलेल्या चामडीचा तपकिरी पापुद्रा चिकटलेला. वरचे थर कांद्याच्या सालीसारखे एकावर एक, कडेला एक थर सुटत आलेला. खालच्या अंगाला दोन पातळ कडा आणि मधे पन्हळ. टोक एका बाजूनं झिजलेलं आणि त्यावर बारीक ओरखडे, कुठलीही कानस असे वेडेवाकडे काढत नाही. मांजराच्या जातीतलं जनावर झाडावर नखं घासतं, जुनी साल उतरवतं, खालून नवी धार निघते. हे कुठं तरी वाचलेलं होतं. नाकाशी धरलं तर शिळ्या चरबीचा वास.

मी काही तज्ज्ञ नाही. पण खोटं सोनं हाताला कळतं तसं खरंही कळतं.

"काय झालं मामा?"

"बघतो. जरा वेळ लागेल."

"मग मी दर्शन घेऊन येतो. रांग मोठी हाय. तवर हिशोब काढून ठेवा."

आणि तो गेला. डबी माझ्या काचेवर ठेवून.

मी ती उचलून ड्रॉवरात टाकली आणि ड्रॉवर लावला. लावला तेव्हाच घाम फुटला. आदल्या ऑक्टोबरात बेंगळुरूला टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या नखावरून अटक झाली होती. निपाणी-चिकोडीकडचं आमचं गिऱ्हाईक बरंच, त्यामुळं महिनाभर गुजरीत दुसरा विषय नव्हता. तेव्हा संघटनेच्या बैठकीत एका वकिलानं समजावलं होतं: वाघ-बिबट्याचं नख बाळगणाराही गुन्हेगार आणि त्याचा दागिना करणाराही. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, सातपर्यंत, वर दंड पंचवीस हजारांपासून पुढं. सापडलं तर ते कायदेशीर आहे हे ज्याच्याजवळ सापडलं त्यानं सिद्ध करायचं.

आणि आता ते माझ्याजवळ होतं.

आमचा बंगाली कारागीर पंधरा वर्षं माझ्याकडं आहे. त्यानं बत्ती बंद केली आणि हळूच म्हणाला, "शेठ, परत दे. बोल, जमत नाय."

सल्ला शहाणा होता. परत दिलं असतं तर तो शेजारच्या बोळात गेला असता आणि कुणीतरी संध्याकाळपर्यंत टोपी घालून दिली असती. मला त्याच्या आईचा चेहरा दिसत होता. पुढं पेपरात नाव आलं आणि त्यानं सांगितलं की आधी मामांना दाखवलं होतं, तर? वीस मिनिटं मी साजाची पानं इकडची तिकडं करत बसलो. मग फोन उचलून 1926 लावला, वनखात्याचा 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन नंबर. लोक आता म्हणतात, तुम्ही बिबट्यासाठी केलंत. नाही. ड्रॉवरासाठी केलं. बिबट्या नंतर आठवला.

तिथून इथल्या कार्यालयात निरोप गेला आणि पाऊण तासात चौघं आले, साध्या कपड्यांत. त्यातल्या एक वनरक्षक बाई गिऱ्हाईक म्हणून बांगड्या बघत बसल्या. वनपालांनी डबी उघडली, नखांना हात न लावता ती चिमट्यानं उलटून पाहिली. काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

तो आला तेव्हा कपाळाला कुंकू आणि हातात प्रसादाचा पुडा. आधी मला दिला, मग बसलेल्या सगळ्यांना. वनपालांनीही घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. मग ओळखपत्र काढलं.

पुढचे दोन तास मी दोनदा जगलो असेन. तो पहिल्यांदा माझ्याकडं बघेना, मग माझ्याकडंच बघायला लागला. "मामा, सांगा की ह्यास्नी. आपलं घरचं हाय." मी काय सांगणार?

"कुणी दिलं?" वनपालांनी विचारलं.

एका ओळखीच्या ओळखीचा माणूस, फक्त फोन नंबर. पंधरा हजार दिलेले. "म्हणाला, एकाच वाघाची वीस नखं हुती. अठरा गेली, दोनच ऱ्हायलीत, घे."

वनरक्षक बाई हसल्या. त्यांनी स्वतःचा पंजा त्याच्यासमोर धरला. "पुढच्या पायाला पाच-पाच, मागच्या पायाला चार-चार. किती झाली? वाघाला अठराच नखं असतात, दादा. बिबट्यालाही. वीस नखांचा वाघ तुलाच गावला."

"सह्याद्रीत गेल्या डिसेंबरात एक वाघ कॅमेऱ्यात आला," वनपाल म्हणाले, "तर केवढी बातमी झाली. चांदोलीत एवढा मोठा व्याघ्र प्रकल्प, 2010 पासूनचा. तिथं आम्ही वर्षानुवर्षं पायाचा ठसा दिसतो का बघत फिरतो आणि तुला गल्लीत दोन नखं मिळाली."

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे खोटी हाईत? मग सोडा की."

"एक खोटं आहे," वनपाल म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत मला अजून ठरवता आलेली नाही.

पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून शेजारचा पॉलिशवाला आणि कोपऱ्यावरचा चहावाला. नखाची लांबी वळणावरून दोरा लावून मोजली, मग दोरा पट्टीवर ठेवला. रंग लिहिला, पोकळी लिहिली, फोटो काढले. वजनाची वेळ आली तेव्हा त्यांनी माझाच काटा मागितला. गुंजभर सोन्यासाठी आम्ही पंखा बंद करून वजन करतो, तसा पंखा बंद केला. एक ग्रॅम सहाशे चाळीस. चिठ्ठी द्या म्हणाले, मी यंत्राची चिठ्ठी फाडून दिली. मग दोन वेगळी पाकिटं, सुतळी आणि सील. त्यांच्याकडं लाखेची कांडी होती पण मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती. शेवटी माझ्या कारागिरानं बत्ती पेटवली. कांडीही भिजलेली निघाली, म्हणून साजात भरायला ठेवलेली आमचीच लाख वितळवली. त्यावर त्यांनी पितळी शिक्का दाबला. वाघनखाच्या पानात भरायची लाख होती ती.

त्याला घेऊन ते गेले. काचेवर प्रसादाचा पुडा राहिला.

विकणारा आठवड्यानं सापडला. त्याच्याकडं आणखी अकरा नखं, सगळी शिंगाची. धंद्याची रीत तीच, वनपाल नंतर सांगत होते. एखादं खरं जवळ ठेवायचं, जाणत्याला ते दाखवायचं आणि त्याच्या जिवावर खोटी खपवायची. याच्या डबीत खरं चुकून गेलं, की पोकळ आणि हलकं बघून विकणाऱ्यालाच ते खोटं वाटलं, कुणास ठाऊक.

नमुने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत गेले. काही महिन्यांनी अहवाल आला. जड ते म्हशीचं. हलकं ते बिबट्याचं. मला जबाबासाठी बोलावलं होतं तेव्हा वनपालांनी तो दाखवला. मी म्हणालो, चला, वाघ तर नव्हता. ते जरा वेळ गप्प राहिले.

"बिबटे राज्यात 1,985 मोजलेत, 2022 च्या गणतीत," ते म्हणाले. "म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. उसात डुक्कर येतं म्हणून तारेची फासकी लावतात, त्यात हा अडकतो. पण मेलेला बिबट्या आम्हाला मिळाला तर पहिल्यांदा काय बघतो माहितीय? नखं, सुळे, मिशा. सगळं जागेवर आहे का. मग पंचांसमोर अख्खा जाळतो, काही उरू देत नाही. हा आम्हाला मिळालाच नाही." मग अहवाल फायलीत घालत म्हणाले, "एक आलं. सतरा अजून कुठं तरी आहेत."

राजस्थानात सरिस्क्याच्या जंगलातले सगळेच्या सगळे वाघ 2004-05 पर्यंत असेच संपले, हाडं सीमेपार चिनी औषधांसाठी गेली, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. ते मोठं प्रकरण. माझ्या डोक्यात मात्र सतराचा आकडा बसला. गुजरीत फिरताना कुणाच्या शर्टाच्या उघड्या बटणातून सोन्याची टोपी चमकली की मी मोजायला लागतो.

त्याला जामीन मिळाला. दिवाळीच्या आधी त्याची आई आली. साज नव्यानं गुंफायला टाकलेला होता, तो न्यायला. मी पाणी पुढं केलं, त्यांनी घेतलं नाही. पानं एकेक मोजून घेतली. माझ्या वडिलांच्या हातच्या साजाची पानं त्या घरातलं कुणी कधी मोजून घेतलं नव्हतं. मजुरी काचेवर ठेवली, सुट्टे पैसेसुद्धा बरोबर आणलेले. दारात थांबून म्हणाल्या, "आम्हाला आधी सांगायचं हुतं, भावजी. विहिरीत टाकून दिलं असतं." आणि गेल्या. त्यानंतर त्या घरचं कुणी आलेलं नाही.

परवा कोर्टात साक्ष झाली. पिंजऱ्यात उभं राहायची पहिलीच वेळ. आरोपीच्या वकिलानं पंचनाम्याला टाचलेली माझी चिठ्ठी हातात घेतली आणि चष्मा वर करून वाचली. आमच्या यंत्रात नाव-गाव सगळं आधीपासून भरलेलं, ते मी त्या गडबडीत बदललं नव्हतं.

"यावर छापलंय, 'सोने 22 कॅरेट, निव्वळ वजन 1.640 ग्रॅम'. ही तुमचीच चिठ्ठी?"

"होय."

"मग हे वजन सोन्याचं की नखाचं?"

"नखाचं."

"चिठ्ठीवर तर सोनं लिहिलंय. सोनं कुठं गेलं?"

कोर्टात दोघंतिघं हसले. तो समोरच्या बाकावर बसला होता, तो हसला नाही. न्यायाधीशांनी मान वर केली.

"सोनं बसवलंच नव्हतं, साहेब," मी म्हणालो.