जुन्या कॅबिनेटमध्ये नवा एसएमपीएस: बसला, आता वायरींचं बघू

मागच्या वेळी पीसीच्या जुन्या कॅबिनेटचा डबा घासून आतून काळा रंग मारला होता. रंग वाळला. या खेपेला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, आणि त्याच्या केबल. मदरबोर्ड अजून खोक्यातच आहे आणि सगळ्या वायरींचे रस्ते ठरेपर्यंत तिथेच राहणार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: कॅबिनेट जुन्या घडणीचं, एसएमपीएस मागे वरच्या कोपऱ्यात बसणारं, पुढे डीव्हीडी ड्राइव्हचे कप्पे, पत्रा 0.8 मिमी. हल्लीच्या स्वस्त कॅबिनेटचं साइड पॅनेल बोटाने दाबलं तरी दबतं, त्यामुळे हे भंगारात घालायला जीव होईना. आत मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान मापाचा बोर्ड, 65 वॅटचा प्रोसेसर आणि एका 8 पिनवर चालणारं ग्राफिक्स कार्ड जाणार. एसएमपीएस 550 वॅटचा, सेमी मॉड्युलर, 140 मिमी लांब. बोर्डाची 24 पिनची आणि प्रोसेसरची केबल कायमची जोडलेली, बाकीच्या सुट्या.

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माणसाला वर बसणाऱ्या एसएमपीएसचं कौतुक जरा जास्तच. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. तेव्हापासून आमच्याकडे पीसी जमिनीवर ठेवत नाहीत. तरी ठेवलाच, तर निदान एसएमपीएस शेवटी बुडेल. चेष्टा सोडा, दुसरा फायदा खरा आहे. खाली बसणारा एसएमपीएस जमिनीलगतची हवा ओढतो, आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की जाळलेल्या पाचटाची काजळी घरात कुठे येत नाही ते सांगा.

आता मापं. एटीएक्स हे पीसीच्या मापांचं मानक आलं 1995 मध्ये, तेव्हापासून एसएमपीएसची रुंदी-उंची 150 बाय 86 मिमी अशीच आहे आणि मागचे चार स्क्रूही त्याच जागी. त्यामुळे नवा तुकडा जुन्या चौकटीत निमूट बसला, पंखा खाली तोंड करून. ते चार स्क्रू एकसारख्या अंतरावर नसतात. पंखा वर करून बसवायचा असेल तर कॅबिनेटला तशी वेगळी भोकं लागतात, या डब्याला नाहीत. मला नकोच होती. वर पंखा केला असता तर तो छताच्या पत्र्याला तोंड लावून गुदमरला असता.

अडचण लांबीत असते. एसएमपीएस 140, मॉड्युलर प्लग घालून वायर वळवली की आणखी 30 मिमी, समोर डीव्हीडी ड्राइव्ह 170. आतली एकूण खोली मोजली, 420. म्हणजे ड्राइव्ह ठेवला तर मध्ये 80 मिमी उरतात आणि सगळ्या उरल्यासुरल्या वायरी त्या खाचेत कोंबाव्या लागतात. ड्राइव्ह काढून टाकला. सीडी लावायची वेळ आता कोणावर येते? वरचे दोन कप्पे वायरींचं कोठार झाले.

कोठार लागतंच, कारण हल्लीच्या केबल खाली बसणाऱ्या एसएमपीएससाठी कापलेल्या असतात. प्रोसेसरची 8 पिनची केबल, जिला ईपीएस म्हणतात, ती माझी 65 सेंमी आहे. तळाच्या एसएमपीएसवरून बोर्डाच्या मागून वरच्या कोपऱ्यापर्यंत जायला तेवढी हवीच, कित्येकदा तीही कमी पडते. माझं सॉकेट एसएमपीएसच्या पोटाखालीच येणार. 20-25 सेंमीचं काम, बाकीची सगळी शिल्लक. ती कप्प्यात सैल घडी घालून ठेवली आणि पुढचा भाग बोर्डाच्या वरच्या कडेलगत चिकट बैठकींवर टाय मारून नेला. पंख्याच्या जाळीखाली वायरीचा एकही फेरा लोंबायला नको, म्हणून बैठकी अगदी ट्रेला, म्हणजे बोर्ड बसतो त्या पत्र्याला लावल्यात.

24 पिनची केबल जाळीच्या नळीत भरलेली, वेळूसारखी ताठ. ट्रे आणि मागच्या पॅनेलमध्ये जागा आहे 11 मिमी. ती तिथून जाणार नाही, जाऊ द्यायचीही नाही, नाहीतर पॅनेल फुगतं. ती कप्प्यातून सरळ खाली बोर्डाच्या कडेला. चपट्या केबल मात्र 11 मिमीत आरामात सरकतात: ग्राफिक्स कार्डाची आणि साटाची, म्हणजे डिस्कला वीज देणारी. त्यांना मागे जायला आणि परत यायला भोकं हवीत, आणि जुन्या ट्रेला ती नसतात.

मायक्रो-एटीएक्स बोर्डाचा फायदा इथे झाला. पूर्ण एटीएक्स 305 मिमी उंच, हा 244. खाली 61 मिमी मोकळा पत्रा उरतो. एक भोक तिथे, दुसरं वर ड्राइव्हच्या पिंजऱ्याजवळ, दोन्ही 32 मिमीची. 8 पिनचा प्लग आडवा घातला तरी निघतो आणि कडेला रबर लावायला जागा उरते.

डबा घेऊन कुपवाडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपात गेलो. मिस्त्रीमामांनी डबा उलटापालटा करून बघितला.

"चांगला जाड पत्रा हाय की. ह्याला भोकं कशाला पाडताय?"

"वायरी मागनं न्यायच्यात, मामा."

"पुढनं गेल्या तर करंट पोचत न्हाई व्हय?"

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. त्यांनी मात्र काम बघण्यासारखं केलं. मागून सागवानाची फळी दाबून धरली, पंच मारला, होल सॉ अगदी सावकाश फिरवला, मधून मधून तेलाचा थेंब. घाई केली की दात पत्र्यात अडकतात आणि पत्रा पिळवटतो. मग अर्धगोल कानशीने आतली कड फिरवून घेतली, बोट फिरवून बघितलं, परत एकदा कानस. कडेला गाडीच्या दाराची यू आकाराची रबर बीडिंग लावली, सीट कव्हरवाल्याकडे हातभर तुकडा सहज मिळाला. तयार ग्रोमेटपेक्षा, म्हणजे भोकात बसवायच्या रबरी कडीपेक्षा ही बरी, हव्या त्या मापात कापता येते. घरी आल्यावर कोपऱ्याकोपऱ्यातला कीस चुंबकाला कापड गुंडाळून उचलला. कापड काढलं की कीस सुटतो. बोर्ड खोक्यात ठेवायचं हे एक कारण. दुसरं कारण स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी खुंट: खालच्या ओळीतले पूर्ण बोर्डासाठीचे स्टँडऑफ काढून टाकले. बोर्डाला भोक नाही तिथे पितळ टेकलं तर शॉर्टच.

बसवण्याआधी एसएमपीएस टेबलावर तपासला. 24 पिनमधली 16 नंबरची पिन ग्राउंडला जोडली की तो चालू होतो, आणि शेजारच्या 15 आणि 17 दोन्ही ग्राउंडच. जुन्या तुकड्यांत ही वायर हिरवी असायची, आता सगळ्या काळ्या, त्यामुळे मोजूनच. हलका लोड असताना काही एसएमपीएस पंखा फिरवतच नाहीत, तेव्हा पंख्यावर न जाता मीटर लावा. 12 व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे 11.4 ते 12.6. माझा 12.1 दाखवतो.

दोन गोष्टी परत परत विचारल्या जातात. दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर केबल लावता येईल का? नाही. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांना कुठलंही मानक नाही. प्लग बसेल, आणि 5 च्या जागी 12 व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळेल. आणि 4+4 चा प्लग प्रोसेसरचा, 6+2 चा कार्डाचा. दिसायला भाऊ-भाऊ, पण 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीच्या जागी घालताय.

अर्थिंगबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या जाड भोकामागे कित्येकदा वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि शिव्या एसएमपीएसला बसतात. त्याच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे 115 च्या आसपास उभा राहतो. करंट अगदी थोडा, पण ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय केबल टीव्हीला चालू असताना जोडली तर पोर्ट जाऊ शकतो. वायरमनला बोलवा, वाड्याला एक अर्थ पिट करून घ्या.

सध्याची स्थिती: एसएमपीएस चार स्क्रूंवर पक्का, चपट्या दोन्ही केबल मागून फिरून खालच्या भोकातून बाहेर, मागचं पॅनेल न दाबता सरकतं. पुढच्या पॅनेलच्या यूएसबी 3 ची 19 पिनची केबल तेवढी राहिली. ती इतकी ताठ आहे की बोर्डावरचा हेडर, म्हणजे तिचं पिनांचं सॉकेट, मोडेल अशी भीती वाटते. कोणी काटकोनी अडॅप्टर वापरला असेल तर त्याची उंची मिमीमध्ये कळवा, माझ्याकडे ड्राइव्हच्या पिंजऱ्यापर्यंत 22 आहेत.