पाय कळत नाहीत, पण जळतात

माझ्या पायावर उकळता चहा सांडला तरी मला कळणार नाही. आणि तेच पाय रात्री अकरानंतर असे जळतात, की सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी कुणी डांबरावर अनवाणी उभं केलंय. २०१९च्या जूनमध्ये गच्चीवर ताडपत्री बांधताना पडले. डी-१०ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जू चेंगरला, बेंबीखालचं सगळं गेलं.

“काही लागतच नाही, मग दुखतं कसं?” हे मला शिकल्यासवरल्या माणसांनीही विचारलंय. दुखणं पायात नसतंच. खालून निरोप यायचे थांबले, की वरच्या नसा आणि मेंदू आपणहून पेटत राहतात. हे नीट समजावणारं कुणी भेटेपर्यंत दीड वर्ष गेलं. तोवर मी बोलणंच सोडलं होतं.

प्रीगॅबॅलिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने आग थोडी निवली, पण दिवसभर डोकं जड आणि बसल्या बसल्या डुलकी. डोस वाढवायची माझी तयारी नव्हती. तेव्हा वहिनींनी ॲक्युपंक्चरचं, म्हणजे सुया टोचून करायच्या चिनी उपचाराचं, नाव काढलं. आमच्या सोलापूरला चीन परका नाही. इथलेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून तिकडे गेले ते परत आलेच नाहीत. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. मला हे फार जवळचं वाटलं, म्हणून भरवसा जरा लवकरच ठेवला.

पहिल्या ठिकाणी पोटऱ्यांत सुया टोचल्या. रात्री आमचे हे माझे पाय पुसत होते, तेव्हा टॉवेलला काहीतरी अडकलं. डाव्या नडगीशेजारी केसासारखी बारीक सुई, वाकून कातडीला चिकटलेली. त्या पायावर मी संध्याकाळभर कूस बदलली होती. मला काय कळणार? शिवाय त्या टणक टेबलावर पाऊण तास पडून माकडहाडावर लाल चट्टा उठला, तो वेगळाच. प्रेशर सोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, काय असते हे भोगलेल्यालाच ठाऊक.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी आधी एमआरआय बघितला. सुया हातांत, कानात आणि पाठीवर, पण मार लागलाय त्याच्या वरच्या भागात, जिथे मला कळतं तिथेच. पाठीतल्या चार सुयांना छोट्या यंत्राने सौम्य करंट. सुई शिरली की मुंगी चावल्यासारखं होतं, मग आत जडसर, ओढल्यासारखं. टेबलावर माझी जेलची गादी. लेक सहावीत आहे, ती शेजारी उभी राहून मोजते: घालताना चौदा, काढताना चौदा. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट माझ्यासमोर फोडायचं. माझ्यासारख्या प्रत्येकाने हा हट्ट धरावा, बिनधास्त धरावा. डी-६ला किंवा त्याच्या वर मार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचाराच. अशा शरीरात रक्तदाब अचानक भडकू शकतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो.

फरक पडला का? पडला. वहीत रोज दहापैकी आकडा लिहिते. आठ-नऊवर असायची ती आग बारा बैठकांनंतर पाच-सहावर आली. विजेसारखे झटके मात्र तसेच आहेत, त्यांना सुई लागू पडलेली नाही. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या, मी मनाने एकही सोडली नाही.

मी वाचलेले अभ्यास लहान आहेत. अमेरिकेत २००७च्या एका चाचणीत व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या खांदेदुखीवर खरी आणि खोटी, दोन्ही प्रकारची सुई लावून पाहिली. आराम दोन्ही गटांना पडला. ती खांदेदुखी, माझी नसांची आग, दुखणं वेगळं. तरी हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. अर्धा तास कुणीतरी मन लावून माझ्या दुखण्याकडे बघतं, त्याचाही यात वाटा असेल. असू दे. मला सलग चार तास झोप लागते, आणि ती मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

आता एप्रिल येतोय. उन्हाळ्यात माझी आग नेहमीच चढते, तेव्हा वहीतला आकडा कुठे जातो ते बघायचंय. गुरुवारी चारची वेळ घेतलीय, लेकीची परीक्षा त्याच्या आदल्या दिवशी संपतेय.