बोनेटीची रिकामी खाच

परवाच्या रविवारी अखेर ३०वं नाणं मिळालं. इंग्लंडचा गोलकीपर पीटर बोनेटी.

१९७०च्या मेक्सिकोतल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी एसो या तेल कंपनीने इंग्लंडमधल्या पेट्रोल पंपांवर ही नाणी वाटली. पेट्रोल भरा, नाणं न्या. प्रत्येकावर इंग्लंडच्या एका खेळाडूचा चेहरा, आणि सगळी बसवायला खाचांचा पुठ्ठा. किंमत छापलेली नाही म्हणून काही नाणेसंग्राहक यांना नुसते बिल्ले म्हणतात. म्हणोत. मला यांच्याइतकं जिवंत दुसरं काही माझ्या संग्रहात दिसत नाही.

चेहरे ३० आणि मेक्सिकोचा संघ २२ जणांचा. म्हणजे नाणं निघालं, पण संघात नाव आलं नाही, असे निदान आठ जण या पुठ्ठ्यावर आहेत.

रेडिंगजवळच्या जुन्या बाजारात मी पुठ्ठा घेतला तेव्हा फक्त बोनेटीची खाच रिकामी होती. कुणा पोराने रागाने उपटून फेकलं असेल का?

१४ जून १९७०, मेक्सिकोतलं लिऑन, पश्चिम जर्मनीविरुद्धची क्वार्टर फायनल. पहिल्या पसंतीचा गोलकीपर गॉर्डन बँक्सचं पोट बिघडलं आणि ऐनवेळी बोनेटी गोलमध्ये उभा राहिला. इंग्लंड २-० पुढे. मग बेकेनबाऊरचा फटका त्याच्या अंगाखालून गेला, सीलरने डोक्याने बरोबरी केली आणि जादा वेळेत म्युलरने ३-२. खापर बोनेटीवर फुटलं. वीसेक मिनिटं उरली असताना प्रशिक्षक रॅमसे यांनी संघाचा मोठा खेळाडू बॉबी चार्लटनला बाहेर बोलावलं, तेही मोजायला हवं ना! बोनेटी पुन्हा कधी इंग्लंडकडून खेळला नाही. १९६६च्या विजेत्या संघातही तो होता, राखीव. त्याचं पदक हातात पडलं २००९मध्ये.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर एक गोल सुटला तर गोलकीपरला पेठेत किती दिवस ऐकून घ्यावं लागतं, ते लहानपणापासून बघितलंय. म्हणून दोन वर्षं याच नाण्यामागे होतो. सापडलं ते परदेशी चिल्लरच्या डब्यात, दीड पौंडाला. नाक थोडं झिजलंय, नाव स्वच्छ आहे.

या नाण्यावरचा बोनेटी त्या सामन्याच्या आधीचा आहे. अजून त्याच्या हातून काहीच सुटलेलं नाही.

खाचेची कड फाकली होती. मागून कागदाची घडी लावली, मग घट्ट बसला.